सपाटीची साधना
1953 साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी कब स्काउट मुलांसाठी सुरू केलेल्या ‘पाइनवुड डर्बी’त, म्हणजे पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेल्या इंजिनविरहित मोटारींच्या शर्यतीत, गाडीला केवळ गुरुत्वाकर्षण ओढत असल्याने सारी मदार उतारावर आणि त्यापुढील सपाट मार्गावर असते. दोन फळ्यांच्या सांध्यात नखाएवढी पायरी राहिली, तरी चाक उसळते आणि गाडी, तिला आपल्या मार्गिकेत धरून ठेवणाऱ्या मधल्या पट्टीला घासून, वेग गमावते. म्हणूनच घरातल्या कलत्या फडताळाकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करणारे वडील शर्यतीच्या दिवशी पाणसळ, म्हणजे नळीतल्या बुडबुड्यावरून समपातळी दाखवणारे गवंड्याचे साधन, घेऊन सभागृहाच्या फरशीवर पालथे पडलेले आढळतात. (फरशीही सपाट नसते, हा शोध तेव्हाच लागतो.) एवढे करूनही मार्गिका सारख्या होत नसल्याने अनेक ठिकाणी प्रत्येक गाडी आळीपाळीने प्रत्येक मार्गिकेतून सोडली जाते. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो, आणि हरलेल्या गाडीचा आठ-नऊ वर्षांचा मालक केव्हाच खाऊच्या टेबलाकडे वळलेला असला, तरी तिसऱ्या सांध्याखाली पुठ्ठ्याची घडी कोणी सरकवली, यावर दोन वडिलांचा वाद चालूच असतो.