दहा वाजता, चाळीस फुटांवर

मासा पकडून सोडून देण्यासाठी माणसं मैलोन्‌मैल प्रवास करतात आणि डॉलर मोजतात, हे साठीला टेकेपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीत मासा घरी येतो तो तुकडे होऊन. बाजारात तो गप्प पडलेला असतो आणि भाव ऐकून तडफडतो तो गिऱ्हाईक.

भाचा फ्लोरिडात असतो. तिथल्या कीज बेटांवर, इस्लामोराडाला, त्यानं मला बोनफिश पकडायला नेलं. गुडघाभर नितळ खारं पाणी, नजर पोचेल तिथवर. भरती चढू लागली की बोनफिश खोल पाण्यातून या उथळ भागात चरायला येतो. तळाशी तोंड खुपसून कोळंबी, खेकडे उकरतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर लखलखते. एरवी अंग असं चंदेरी की मासा दिसतच नाही, वाळूवरची त्याची सावली दिसते. म्हणजे ज्यांना दिसते त्यांना. मला ढग दिसत होते.

होडीच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून गाइड लांब काठीनं होडी रेटत होता. एकाएकी तो दबक्या आवाजात म्हणाला, "दहा वाजता! चाळीस फूट!" मी घड्याळ पाहिलं. नऊ वीस. चाळीस मिनिटं हातात आहेत म्हटल्यावर मी दशम्यांचा डबा उघडला. भाच्यानं कपाळावर हात मारला. "मामा, होडीचं नाक म्हणजे बारा. दहा म्हणजे डावीकडे. तिकडे मासा आहे, आत्ता!" आता, ज्याची जन्मभर लोकलच्या वेळापत्रकावर श्रद्धा, त्याला दहाचा मासा नऊ वीसलाच येतो हे पटणार कसं? आमच्याकडे वेळेआधी काही आल्याचं उदाहरण नाही.

दुपारी एका बोनफिशला माझी दया आली. मासा लागला की डाव्या हातानं दोर खेचायचा, गळाची काठी उचलायची नाही, असा इथला नियम. मी लहानपणच्या सवयीनं गळाला सणसणीत हिसका दिला. अंगठ्याएवढा बोनफिशसुद्धा जोर दाखवतो म्हणतात. मोठा असला तर पहिल्याच धावेत शंभर मीटर दोर पळवतो. माझ्या वाट्याला आलेल्यानं काहीच पळवलं नाही. गळ उलटा येऊन माझ्या टोपीत रुतला आणि गाइड खाली बसला.

रात्री फोनवर हिनं विचारलं, "मिळाला असता तर?"

"सोडला असता. २०१३ पासून फ्लोरिडात बोनफिश ठेवून घ्यायला बंदी आहे."

"मग कायदा तुम्ही पाळलातच की!"

ते वाक्य जिव्हारी लागलं. मी तिथल्या दुकानातून नऊ फुटी नवीकोरी काठी, रीळ आणि 'क्रेझी चार्ली' नावाच्या, गळाला बांधायच्या नकली माश्यांची डबी विकत घेतली आणि डोंबिवलीला परतलो.

नकली माशीनं मासा पकडायच्या या प्रकारात गळाला वजन नसतं, दोराला असतं. तो डोक्यावरून मागे भिरकावायचा, पुरता सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे सोडायचा. म्हणजे पाठीमागे तीस-चाळीस फूट मोकळी जागा हवी. डोंबिवलीत एवढी मोकळी जागा फक्त कोर्टाची स्थगिती असलेल्या प्लॉटवर उरते. म्हणून सोसायटीची गच्ची. दोर मागे सरळ झाला की नाही हे वळून बघायचं राहिलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा वाळत घातलेला गाउन गळाला लागला. वाऱ्यानं फुगून तो शेजारच्या सोसायटीकडे निघाला, रीळ करकरू लागलं, आणि पहिली धाव काय असते ते मला कळलं. 'पकडा आणि सोडा' हे तत्त्व मात्र काकूंना मान्य नव्हतं. त्या चेअरमनकडे गेल्या.

राहिली खाडी. मोठागावच्या रेतीबंदरला उल्हासच्या खाडीत बोई, काळुंदर, शिंगाळा मिळतो. नशीब असेल तर जिताडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला ठाऊक होतं. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला हजर झालो, तर समोर चिखल. हिशेब समुद्रकिनाऱ्याचा होता. भरतीला खाडीतून डोंबिवलीपर्यंत यायला आणखी वेळ लागतो. त्यात अष्टमीचं पाणी भांगाचं, वरच्या चिखलापर्यंत चढतच नाही. आणि चढलं तरी, ज्या गावात २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाला, तिथं मी माशाची सावली बघायला महागडा गॉगल लावून आलो होतो. त्यातून चिखल फार स्पष्ट दिसला.

वाळूत पाकट लपलेला असतो म्हणून पाय घासत चालावं, असं फ्लोरिडात शिकवलं होतं. तसा निघालो आणि पोटरीपर्यंत रुतलो. पाय वर आला, बूट आला नाही. भोवती निवट्या उड्या मारत होत्या; त्यांना चिखलात चालायला कोणी शिकवलेलं नव्हतं.

खांद्यावर पाग टाकून एक आगरी काका आले. त्यांनी फळी टाकून मला बाहेर ओढलं, मग डबीतली चार्ली निरखली.

"यो काय रं, मास्तर?"

"माशी, काका."

"माशी कसली? ही त कोलीम!"

बहामातल्या अँड्रॉस बेटावर १९७७ साली पहिल्यांदा बांधलेली ही 'माशी' कोळंबीसारख्याच भक्ष्याची नक्कल करते, हे कळायला मला पुस्तक वाचावं लागलं होतं. पाणी चढल्यावर काकांनी पाग फेकला. तो गोल उघडला, पडला, आणि पाच-सहा बोई वर आल्या. त्यातल्या दोन त्यांनी माझ्या पिशवीत घातल्या. सोडून देण्याचा विषय मी काढला नाही.

तेव्हा रेतीबंदरला जाणाऱ्यांनी भांग टाळावा, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण धरावं आणि वेळ काकांना विचारावी. आणि काठी विकायची आहे. आजवर तिला एक गाउन सोडल्यास काहीही लागलेलं नाही, त्यामुळे वस्तू नवीच समजावी.