वाई ते मेणवली, व्हाया सुभेदार

वाईहून मेणवली जेमतेम तीन-चार किलोमीटर. रिक्षाने निघालात तर नाना फडणवीसांचा वाडा चहा निवायच्या आत येतो. कुत्रा घेऊन सायकलने निघालात तर अंतर तेवढंच राहतं, पण पोचायची वेळ कुत्रा ठरवतो.

सुभेदार हा मावशीचा कुत्रा. बापाकडून कारवानी, आईकडून गणपती आळी. बापाने लांब पाय दिले आणि आळीने प्रसादाची गोडी लावली. ढोल्या गणपतीच्या शेजारात वाढल्यामुळे देवाचा आदर्श त्याने पोटापुरता आचरणात आणला होता. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी फर्मान काढलं : याला सायकलबरोबर पळवा. वय तीन वर्षांचं, हाडं पक्की झालेली, हरकत नाही. वर्षाच्या आतलं पिल्लू असतं तर त्यांनी मलाच पळवलं असतं.

फर्मानाला पोटकलमं होती. साखळी हँडलला बांधायची नाही, नाहीतर मांजर दिसताच सुभेदार मांजराकडे आणि तुम्ही गटारात. गळ्यातल्या पट्ट्याला ओढ नको, छातीला बसणारा पट्टा हवा. सीटखाली स्प्रिंगचा आडवा दांडा बसवायचा. ओढ खालून लागली की सायकल कलंडत नाही. कुत्रा डाव्या हाताला, म्हणजे गाड्या तुमच्या अंगावरून जातील, त्याच्या नाही. डॉक्टरांची निष्ठा कोणाशी आहे ते इथे कळलं. शिवाय तो दुडक्या चालीने चालला पाहिजे, चौखूर उधळता कामा नये. खाऊन लगेच पळवायचं नाही. आणि निघण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकून पाहायची. तुमच्या हाताला सोसलं तरच त्याच्या पायाला सोसेल.

हे शेवटचं कलम घरात बसून सोपं वाटतं. भर रस्त्यात उकिडवं बसून, पालथा हात डांबराला लावून आकडे मोजणारा माणूस वाईत कोणी पाहिला नव्हता. दूधवाल्याने किटली खाली ठेवली.

"काय हरवलं का पाव्हणं?"

त्याच्या मागून आलेले आजोबा जास्त गंभीर होते. "हादरा बसला का? कोयनेचा?" सातारा जिल्ह्यात जमिनीला हात लावून बसलेल्या माणसाकडे असंच बघितलं जातं. १९६७ साल इथे कोणी विसरलेलं नाही.

डांबर गार होतं. तरी काकांनी पाठवलेले बूट होतेच. काका विश्वकोशाच्या गावचे, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक असते. अलास्कात इडिटारॉड नावाची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत होते, तिथे दर कुत्र्यामागे आठ बूट बाळगावेच लागतात, असं त्यांनी आदल्या रात्री सांगितलं. तिकडे बोटांच्या बेचक्यात बर्फाचे गोळे अडकतात. "आपल्याकडे बर्फ नाही," मावशी म्हणाली. "सराटे आहेत," काका म्हणाले. आणि आठ नाही तरी चार बूट आले.

बूट घातल्यावर सुभेदार आधी पुतळा झाला. मग नुकत्याच सारवलेल्या अंगणातून पाहुण्याने जावं तसा एकेक पाय उंच उचलत निघाला. आळीच्या हद्दीवर चार कुत्री जकात वसुलीला बसली होती. परक्या आळीतलं कुत्रं सायकलला बांधून येतंय, तेही बूट घालून, हे बघून त्यांचं भुंकणं घशातच राहिलं. पुढच्या आळीतल्यांना एवढा धक्का बसला नाही. तिथे मला उतरून, सायकल आडवी धरून वाटाघाटी कराव्या लागल्या.

गावाबाहेर पडल्यावर खरा पेच आला. डांबर तळव्यांना घासतं, म्हणून कडेच्या मातीवरून न्यावं, तर मातीत सराटे. एक बूट तर मेंढरं घेऊन चाललेल्या मुलाने मागून पळत आणून दिला : "काका, बाळाचा बूट पडला!" बाळ जीभ काढून उभं होतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना, आणि अंग गार करायची सारी भिस्त जिभेवर. तळवे तासन्‌तास कोंडून ठेवू नयेत. उरलेले तीन बूट मी काढले. पन्नास पावलांवर सुभेदार थांबला आणि त्याने पुढचा उजवा पाय, पुरावा सादर करावा तसा, माझ्यापुढे धरला. सराटा. चिमट्याने काढला. मग मागचा डावा पाय पुढे आला. त्यात काही नव्हतं, पण तपासून घ्यावा, असं त्याचं मत पडलं.

मेणवलीच्या घाटावर मला वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा बघायची होती. सुभेदार थेट कृष्णेत जाऊन बसला, गळ्यापर्यंत. 'स्वदेस'चं शूटिंग झालेली पायरी शोधत आलेल्या एका कुटुंबाने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

पाण्यात भिजले की तळवे मऊ पडतात आणि खरखरीत रस्त्यावर लवकर सोलतात. म्हणून ते सुकेपर्यंत थांबलो. तळवे सुकले तोवर ऊन चढलं होतं. हवा तिशीत असली तरी उन्हातलं डांबर पन्नाशी सहज ओलांडतं. मी पुन्हा पालथा हात टेकवला आणि चारच्या आत उचलला. सुभेदार सावलीत बसून निकालाची वाट बघत होता.

रिक्षावाल्याने कुत्र्याला मागच्या सीटवर बसवलं. मी भाडं विचारलं.

"त्याचं काय घ्यायचं, मुकं जनावर. तुम्ही बसताय का?"

"माझी सायकल आहे."

"मग या डाव्या बाजूनं. मी हळूच घेतो," तो म्हणाला, "दमलात तर हाक मारा."