बदलत्या जगाची आव्हाने, चहापानासह

'बदलत्या जगातील उद्योग व अर्थव्यवस्थेपुढील आव्हाने' या विषयावर आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात, ही अभिमानाची बाब आहे. आंतरराष्ट्रीय कशा, असे काही खवचट लोक विचारतात. काठमांडूचे एक पाहुणे पडद्यावर दिसतात की! आवाज येत नाही, हा तांत्रिक भाग झाला.

संशोधनाची शिस्तही वाखाणण्याजोगी. पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढून तिला रंगीत वर्तुळात बसवायचे आणि 'अधिक संशोधनाची गरज आहे' असे म्हणून मोकळे व्हायचे. जग कितीही बदलो, निष्कर्ष हलत नाही. इतके स्थैर्य रुपयाला रिझर्व्ह बँकसुद्धा देऊ शकलेली नाही.

मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. एका भरभराटीच्या उद्योगावर कोसळलेल्या या आपत्तीवर खरे तर स्वतंत्र परिषद व्हायला हवी. निबंध छापायला नियतकालिके मिळतीलच.

यंदा उत्कृष्ट सादरीकरणाचे प्रमाणपत्र 'रोजगाराची नवी क्षितिजे' या निबंधाला मिळाले. सादरकर्ते प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. नोंदणी शुल्क त्यांनी मेव्हण्याकडून उसने घेतले; गेल्या सत्राचे मानधन अजून निघायचे आहे.