दोन थौचा माणूस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन खोलणारे पुष्कळ. खोललेलं हेड ज्याच्याकडे पाठवतात तो मिस्त्री मात्र वेगळा. गाडी कुणाची, रंग कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्याकडे गाडीचं मुंडकं तेवढं येतं.

मुंडकं टेबलावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ह्येला आधी हात कुणी लावला हुता?" नाव कुणाचंही सांगा, उत्तर एकच : "तरीच!" मागच्या खेपेला त्यानंच लावला होता, असं कुणी चाचरत सुचवलं, तर चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणतो, "मग मधी कुणीतरी उघडलं असणार."

मग प्रवचन. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह ७०० अंशांच्या पुढे तापतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर तो सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. अंगातली उष्णता हेडला द्यायची तर मुख्य संधी सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, टेकल्यावरच. सीट अरुंद झाली तर व्हॉल्व्ह जळतो, रुंद झाली तर दाब कमी पडून काजळी धरते आणि गळतो. म्हणून मधला काप ४५ अंशांचा, वरचा ३०चा, खालचा ६०चा. वरून-खालून खात खात सीट हवी तिथे, हवी तेवढी आणायची. पण त्याआधी गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी! कटरचा पायलट गाईडमध्येच बसतो, आणि गाईड ढिला असेल तर सीट देखणी होते, फक्त भलत्याच ठिकाणी.

"जरा पेस्ट लावून घासून द्या की," असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या दिवशी चहाला मुकतं. पेस्टचं त्याला वावडं नाही. शेवटी बारीक पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत धरून, ताक घुसळावं तसे चार हात तोही मारतो. करड्या रंगाचं अखंड कडं उमटलं की थांबतो. खड्डे पडलेली सीट नुसत्या पेस्टनं सरळ करणाऱ्यांना तो मिस्त्री मानत नाही. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून थेंब पाझरतो का ते बघायचं. रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून पेट्रोल ओततो आणि ओतताना सरकारला दोन शब्द ऐकवतो.

डायल गेजचा काटा दोन थौ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, हलला की याचा जीव खालीवर होतो. हाच माणूस "उद्या न्या" म्हणतो तेव्हा त्या 'उद्या'त अख्खा आठवडा आरामात खुळखुळतो. त्याबद्दल विचारावं तर आपल्यालाच अपराधी वाटेल अशा नजरेनं तो बघतो.

आवाज करणाऱ्या गाडीची त्याला काळजी नसते. "मिस्त्री, पिकअप नाही, पण इंजिन कसं एकदम शांत झालंय!" असं कौतुकानं कुणी सांगितलं की मात्र याचा चेहरा पडतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट खाऊन टाकतो. त्या फटीची टकटक थांबते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो. पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरून तिला जपायचं. २००० साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या जुन्या अँबॅसेडरचं ते कवच गेलं. गॅसवर पळणाऱ्या गाड्यांच्या सीटांना तर कोरड्यातच दिवस काढायचे असतात. तेव्हापासून शांत इंजिनाचा तो धसकाच घेतो.

हेड बसवून चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं. "मिस्त्री, काम झ्याक झालंय, पण टॅपेट जरा वाजतायत."

"ऐकाय येतंय न्हवं?" तो मान वर न करता विचारतो. "मग निवांत झोपा."