सेकंदकर

सेकंदकरांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते सांगत नाही, कारण कोथरूडमधल्या निम्म्या दारांवर तेच आहे आणि निम्मं कोथरूड अंगावर घ्यायची माझी तयारी नाही. शिवाय हा एकटा माणूस नव्हे, ही एक जमात आहे. कुणाला जुन्या नाण्यांचा नाद, कुणाला घड्याळांचा, कुणाला ग्रामोफोनच्या तबकड्यांचा. आमच्या सोसायटीतल्या सेकंदकरांना फाउंटन पेनांचा. खूण मात्र सगळ्यांची एकच. ईबेवर एखादी वस्तू सात दिवस लिलावाला असते. सहा दिवस, तेवीस तास, एकोणसाठ मिनिटं आणि त्रेपन्न सेकंद हा माणूस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. उरलेल्या सात सेकंदांत तो बोली लावतो.

ही सवय ईबेनं लावली असं सेकंदकर म्हणतात. वहिनींना ते मान्य नाही. सेकंदकर त्यांना बघून गेले आणि पुढे महिनाभर काही पत्ताच नाही. मग दुसरं स्थळ आलं, बोलणी झाली, आणि सुपारी फुटायच्या आदल्या रात्री दहा वाजता यांचा होकार घेऊन यांचे काका दारात हजर! आजही वीजबिल शेवटच्या तारखेला, प्राप्तिकराचं विवरणपत्र ३१ जुलैच्या रात्री. सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन तास चिडीचूप बसतात. अध्यक्ष आभार मानायला उभे राहिले, लोक पायानं चपला चाचपायला लागले, की मागून आवाज येतो, ‘एक बारीकसा मुद्दा राहिला.’ त्या घटकेला विरोध करायचं त्राण कुणात नसतं. पाण्याच्या टाकीचं कंत्राट त्यांनी असंच मंजूर करून घेतलं.

त्यांचं दैवत म्हणजे पार्कर ५१. १९४१ साली बाजारात आलेलं हे पेन. निब झाकलेली, नुसतं टोक बाहेर, आणि टोपणाला बाण. मुंजीत मामानं दिलेलं असं एक पेन पीएमटीच्या गर्दीत कुणीतरी खिशातून लांबवलं. तेव्हापासून सेकंदकर ते शोधताहेत. ते एकच असतं तर कधीच मिळालं असतं, पण मरून, काळं, राखाडी, निळसर हिरवं, चांदीच्या टोपणाचं, सोन्याचं पाणी दिलेल्या टोपणाचं अशी त्याची रूपं अनेक, आणि मामानं नेमकं कुठलं दिलं होतं ते आता मामाही सांगू शकत नाही. काही पेनं मोडकी येतात. वहिनींनी त्यावरून विषय काढला की सेकंदकर इतिहास सांगतात : १९९५ साली ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू मोडका लेझर पॉइंटर होता आणि तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वहिनींच्या मते यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की ते एकटे नाहीत.

पूर्वी हा कारभार इथल्या इथे चालायचा. बाझी नावाचं आपल्याकडचं लिलावाचं दुकान ईबेनं २००४ साली घेतलं, २०१८ साली ईबेचं भारतातलं दुकान मिटलं, आणि सेकंदकरांची शिकार कायमची परमुलखात गेली. पार्सलं न्यू जर्सीतल्या भाच्याच्या पत्त्यावर जातात. तिथे लेकीच्या बाळंतपणाला गेलेली कुणीही आजी पुण्याला परत यायला निघाली की तिच्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेली दोन-चार पेनं असतात. त्या आजीचा आणि सेकंदकरांचा आधी परिचय असावा अशी काही अट नाही. भाच्याच्या बायकोची मतं मी इथे देत नाही.

आता नियम. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम गुपचूप भरून ठेवायची. यंत्र तुमच्या वतीनं लागेल तेवढंच चढत जातं. दुसऱ्याची कमाल ६० डॉलर आणि तुमची ९०, तर पेन तुम्हाला ६१ ला पडतं, कारण त्या पट्ट्यात एकेक डॉलरची चढ असते. तुमचे ९० होते हे कुणाला कळतही नाही. म्हणजे मोल आपल्याला वाटतं तेवढं पहिल्याच दिवशी सांगावं आणि पांघरूण घेऊन झोपावं. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच या जातीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं : जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे असतील, तर मनातला आकडा खरा सांगण्यात कुणाचाच तोटा नाही. त्यांना १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले. सेकंदकरांना हे सगळं पाठ आहे. ‘नोबेलची बोली अगदी वेळेत लागली,’ असं ते गंभीरपणे म्हणतात.

मग ते झोपत का नाहीत? कारण, त्यांच्या मते, व्हिक्रींनी माणसं बघितली नव्हती. मनातला आकडा सांगायला तो मनात असावा लागतो. ईबेवर जी माणसं येतात त्यांना सेकंदकर ‘चोचे’ म्हणतात. चोचा ४१ डॉलर भरतो. वर कुणीतरी आहे असं दिसलं की ४२. मग ४३. पन्नासच्या वर एक छदाम देणार नाही असं तो बायकोला सांगून बसलेला असतो, पण कुणी ५१ केले की त्याला अचानक साक्षात्कार होतो की हे पेन ५२ चं आहे. चोच्याला वेळ दिला की पेन महागतं. दुसरं भय विकणाऱ्याच्या मेव्हण्याचं. मालकाच्याच माणसानं खोट्या बोल्या लावून भाव चढवणं ईबेला चालत नाही, पण जे चालत नाही तेच होत असतं यावर सेकंदकरांची श्रद्धा आहे. तुमची कमाल आधी भरलेली असेल तर मेव्हणा तिला हळूहळू टोचत वर नेऊ शकतो. सात सेकंदांत मेव्हणा काय करणार? तिसरं कारण ते आवाज खाली आणून सांगतात : आपण एखाद्या पेनावर बोली लावली की जगभरचे पेनवाले सावध होतात. ईबेवर बोलीदाराचं नाव दोन अक्षरं सोडून चांदण्यांनी झाकलेलं असतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ‘शैलीवरून ओळखतात,’ म्हणाले.

यातलं पहिलं आणि तिसरं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे मला मान्य करावं लागतं. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या दोघांनी नेमका याच प्रकाराचा अभ्यास करून २००२ साली निबंध छापला. त्या काळी अ‍ॅमेझॉनही लिलाव चालवायचं. पण तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढायची, आणि दहा मिनिटं सलग शांततेत गेल्याखेरीज लिलाव संपायचा नाही. ईबेवर मात्र ठरल्या सेकंदाला पडदा. म्हणून ईबेवर शेवटी झुंबड उडायची, अ‍ॅमेझॉनवर नाही; आणि ईबेवर माणूस जितका मुरलेला, तितका तो उशिरा यायचा. चोच्यांचा बंदोबस्त आणि जाणकारांनी आपलं ज्ञान झाकून ठेवणं, ही कारणंही त्यात आहेत. रॉथना २०१२ साली नोबेल मिळालं. ते मुख्यतः वेगळ्या कामासाठी होतं, एवढा तपशील सेकंदकर गाळतात.

मूळपुरुष मात्र त्यांनी आणखी मागे शोधलाय. सतराव्या शतकात लंडनला आरमाराची जुनी जहाजं मेणबत्तीवर विकत. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्याआधीची शेवटची बोली ग्राह्य धरायची. साहजिकच सगळे शेवटाला एकदम ओरडत. आरमाराच्या कचेरीतल्या सॅम्युअल पेपिस यांनी १६६२ सालच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की एक माणूस इतरांपेक्षा नेमका साधायचा. विचारल्यावर त्यानं गुपित सांगितलं : ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली वळतो. सेकंदकर हा किस्सा सांगताना हात जोडायचेच बाकी ठेवतात.

सोमवारची सकाळ त्यांच्या घरी बघण्यासारखी असते. अमेरिकेतले पुष्कळ विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावतात, तेव्हा माणसं घरी असतात. कॅलिफोर्नियात रविवारचे सहा म्हणजे इथे सोमवारचे सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात अमेरिकेनं घड्याळं मागे घेतली की साडेसात. या एका तासाचं पत्रक स्वयंपाकघरात, गॅस बुकिंगच्या नंबराशेजारी चिकटवलेलं आहे. सोमवारी कुकर त्या वेळेनंतर लावायचा, कारण एकदा शिट्टीनं हात दचकला होता. दूधवाल्यानं बेल वाजवायची नाही, पिशवी कडीला लटकवून जायचं. गुरुवारी सकाळी संपणाऱ्या लिलावांकडे ते बघतही नाहीत. दुरुस्तीसाठी वीज जायचा तो वार.

मागे मी वर्तमानपत्र मागायला गेलो तो नेमका मुहूर्तावर. वहिनींनी तोंडावर बोट ठेवून दार उघडलं. लॅपटॉपवर दोन खिडक्या : एकीत उलटी मोजणी, दुसरीत रक्कम आधीच भरून ठेवलेली. ९३ डॉलर ३७ सेंट. सदतीस का, असं मी कुजबुजलो. त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता शिकवणी घेतली : लोक गोल आकडे भरतात, ९० किंवा ९३. दोन बोल्या सारख्या निघाल्या तर आधी लावणारा जिंकतो, आणि आपण कायमचे नंतरचे. म्हणून सदतीस सेंट. बोलताना ओठ हलत होते, बाकी देह निश्चल. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, कपातल्या चहावर साय. ‘पंधरा,’ म्हणाले. ‘बारा.’ नऊला तर्जनी वर गेली. सातला खाली आली.

पडद्यावर क्षणात उत्तर : दुसऱ्याची बोली तुमच्यापेक्षा जास्त आहे. तीन, दोन, एक, संपलं. पेन ९४ डॉलर ३७ सेंटला गेलं. कुण्या सद्‌गृहस्थानं पाच दिवसांपूर्वी आपली खरी कमाल रक्कम भरली होती आणि बहुधा त्यानंतर तो तिकडे फिरकलाही नव्हता. सेकंदकरांना हरल्याचं तितकं वाटलं नाही. ‘त्याची किती होती तेवढं तरी कळायला हवं होतं हो,’ एवढंच म्हणत राहिले. ते कधीच कळत नाही. ९५ असेल, ५०० असेल.

भाच्यानं यावर उपाय काढला होता. शेवटच्या सेकंदाला तुमच्या वतीनं बोली लावणाऱ्या सेवा १९९९ पासून आहेत. रक्कम सांगून ठेवायची, बाकी यंत्र बघतं. त्यानं मामांचं खातं तिथे जोडून दिलं. सेकंदकर साडेआठला उठले तर एक मरून पार्कर त्यांच्या नावावर जमा, तेही ठरवल्यापेक्षा स्वस्तात. दिवसभर चेहरा पडलेला. ‘मला विचारलं नाही, काही नाही,’ असं ते वहिनींना म्हणाले म्हणे. खातं संध्याकाळी बंद झालं.

आपलं कसब मायदेशातही चालवावं म्हणून त्यांनी एका बँकेच्या ई-लिलावात भाग घेतला होता. जप्त केलेला दुकानाचा गाळा, राखीव किंमत ठरलेली, अनामत भरलेली. अकरा ते बाराची वेळ. बाराला दहा सेकंद कमी असताना यांनी बाण सोडला आणि लॅपटॉप मिटून जेवायला वाढायला सांगितलं. जाहीर सूचनेत बारीक टायपात लिहिलं होतं की शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर मुदत आणखी पाच मिनिटांनी वाढेल, आणि अशी कितीही वेळा वाढेल. म्हणजे थेट अ‍ॅमेझॉनचा नियम, ज्यावर ते आम्हाला व्याख्यान देत आले होते. लॅपटॉप पुन्हा उघडावा लागला. समोर मार्केट यार्डातला कुणी व्यापारी असावा. तो चहा घेऊन यायचा, एक टप्पा चढवायचा, पुन्हा जायचा. पावणेतीनपर्यंत वरण तीनदा गरम झालं. शेवटी सेकंदकरांनी माघार घेतली, अनामत परत आली.

यंदा सोसायटीच्या गणपतीत, विसर्जनाच्या आधी, प्रथेप्रमाणे बाप्पापुढच्या मोठ्या मोदकाचा लिलाव झाला. बोली पुकारायला खजिनदार, दुसऱ्या मजल्यावरचा देशपांड्यांचा पोरगा. अडीचशेपासून सुरुवात, पन्नासची चढ. सेकंदकर मागे खांबाला टेकून, जणू मोदक हा पदार्थ त्यांना ठाऊकच नाही. बी विंगच्या डॉक्टरांनी सातशे नेले आणि पोरानं सुरुवात केली, ‘सातशे एक वार... सातशे दोन वार...’ त्याचे ओठ तिसऱ्यासाठी उघडले, आणि खांबाकडून गर्जना झाली, ‘पंधराशे सदतीस!’

ढोलवाल्यांनी आपण होऊन एक ठेका दिला. डॉक्टरांनी हात जोडले. वहिनी मोदकाचं ताट घ्यायला पुढे झाल्या. सेकंदकर टेबलाशी गेले, खुर्ची ओढून बसले आणि खजिनदाराला शांतपणे समजावू लागले : डॉक्टरांचे सातशे, त्यावर एक चढ पन्नासची, म्हणजे मोदक साडेसातशेला पडला. पंधराशे सदतीस ही फक्त कमाल रक्कम होती, ती द्यायची नसते. व्हिक्रींचं नाव निघालं, रॉथही आले. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि पावतीपुस्तक त्यांच्याकडे वळवलं.

‘काका, पंधराशे सदतीसची फाडलीय. आणि आता कार्बनही उमटलाय.’

सेकंदकरांनी पावती नीट वाचली, घडी केली, खिशात घातली.

‘बरं,’ ते म्हणाले, ‘भरायची शेवटची तारीख काय आहे?’