हवेतलं अंतर

जळगावहून धुळ्याला विमानानं किती वेळ लागेल, हा प्रश्न कुणा खानदेशी माणसाला पडत नाही. मोबाइलकडे मात्र उत्तर तयार असतं. दोन गावांची नावं टाका, की तो नकाशावर सरळ रेघ ओढून किलोमीटर आणि मिनिटं सांगून मोकळा. त्या रेघेवरून विमान जातं की नुसते बगळे, ही चौकशी त्याच्या खात्यात येत नाही.

रेघ तशी खोटी नाही. दोन शहरांमधलं सरळ अंतर 80 किलोमीटरच्या थोडं पुढे, रस्त्यानं 90 च्या वर. गंमत पुढेच आहे. जळगावचा विमानतळ शहराच्या पूर्वेला, कुसुंब्याकडे. धुळ्याची धावपट्टी पार पलीकडे, गोंदूरला. अबोला धरलेल्या जावांसारख्या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. धावपट्टी ते धावपट्टी मोजलं, तर सरळ रेघसुद्धा नव्वदीला टेकते. म्हणजे विमानानं धुळ्याला जायचं तर जळगावकरानं आधी धुळ्याकडे पाठ फिरवून निघायचं! (1906 मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हापासूनची ही सवय असावी. त्याआधी जळगावची कागदपत्रंही धुळ्यालाच जायची.)

तरी समजा, पंख्यांचं एटीआर विमान उडालंच. ताशी 500 किलोमीटरचा वेग धरला, तर ही दहा-अकरा मिनिटांची बाब. खाली एरंडोल येतं, पारोळा येतं, आणि पट्टा सोडायची परवानगी मिळायच्या आत पांझरा दिसू लागते. शिवाय हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा. भरिताची वांगी, केळीचा घड आणि बहिणीसाठी पापड-कुरडयांचा डबा, यांतलं काय मागे ठेवायचं ते घरीच ठरवून निघा.

प्रत्यक्षात जळगावहून 2017 च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं. मधे बंद-चालू होत 2024 मध्ये गोवा, हैदराबाद, पुणेही जोडलं गेलं. गोंदूरला मात्र शिकाऊ वैमानिकांची विमानं. ती उडतात, घिरट्या घालतात आणि जिथून उडाली तिथंच उतरतात. तेव्हा हट्टानं हवाई मार्गच धरायचा, तर जळगाव-मुंबई विमानानं आणि तिथून धुळ्यापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर रस्त्यानं मागे.

जगात याहून छोटे हवाई प्रवास आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान तीन किलोमीटरही जात नाही. दोन मिनिटांच्या आत उतरतं. पण तिथं मधे समुद्र आहे. आपल्या मधे गिरणा, अंजनी, बोरी. त्यांच्यावर पूल आहेत आणि पुलांवरून एसटी जाते.

अडचण हवेतली नाहीच, रुळांवरची आहे. जळगावहून धुळ्याला रेल्वेनं जायचं, तर आधी 90 किलोमीटरवर चाळीसगाव गाठायचं आणि तिथून फाट्यानं आणखी 56 किलोमीटर. एवढ्यात माणूस रस्त्यानं धुळ्याला जाऊन, शेवभाजी खाऊन परतीला लागलेला असतो. विमानाचं राहू द्या, साहेब. जळगाव-धुळे सरळ रेल्वेचं तेवढं बघा.