तिसरी प्रत सांगलीला

लडाखला जायचं ठरलं आणि माझ्या हातून एक चूक झाली. जिन्यात भेटलेल्या अप्पांना मी सहज विचारलं, "अप्पा, कॅमेऱ्यात कार्ड कुठलं टाकू?" हातात दुधाची पिशवी होती. घरी पोचलो तेव्हा तिचं दही लागलं नव्हतं, एवढंच.

अप्पा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वीज मंडळातून निवृत्त. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. त्याच्या सल्ल्याशिवाय कोणी कॅमेरा घेत नाही, आणि त्याचा सल्ला घेतला की मग कोणी कॅमेराच घेत नाही. कारण पुढचं मॉडेल नेहमी येण्याच्या बेतात असतं. "आत्ता नका घेऊ," हे अप्पांचं पालुपद. तळमजल्यावरचे एक जण त्यांच्या शब्दाखातर २०१९ पासून थांबलेत. मधल्या काळात त्यांच्या मुलीचं लग्न होऊन गेलं.

तर कार्ड. अप्पांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. हो, भिंग ते जवळच बाळगतात. दुसऱ्या खिशातून नखाएवढं कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं, प्रसादासारखं.

"हा मोठा आकडा काय आहे? १७०. लोक यालाच भुलतात. हा वाचायचा वेग. आपल्याला कार्ड वाचायचंय का? आपल्याला त्यावर लिहायचंय. मोठा आकडा म्हणजे स्थळ आलेल्या मुलाचा पगार, त्यात बोनस धरलेला असतो. बेसिक बघायचा तर इकडे कोपऱ्यात या. व्ही ३०. म्हणजे सेकंदाला ३० एमबी, याच्या खाली येणार नाही. फोर के व्हिडिओला तेवढं बास."

"मग हेच घेतो की, एकशे अठ्ठावीसचं."

"एकशे अठ्ठावीसचं एक?" अप्पांचा आवाज एक मजला चढला. "तुमची आजी काशीला गेली तेव्हा सगळे पैसे एका पिशवीत ठेवले होते का तिने? थोडे कनवटीला, थोडे ट्रंकेत, थोडे चोरखिशात. चौसष्टची दोन घ्या. आणि चौसष्ट लिहिलंय म्हणून चौसष्ट मिळतील असं समजू नका. कॉम्प्युटर ५९ आणि वर काही पॉइंट दाखवणार. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने."

"दूधवाल्याचं माप," अप्पांच्या घरातून काकू म्हणाल्या. त्यांना हे सगळं पाठ आहे.

मी भीत भीत सांगितलं की एक कार्ड आहे माझ्याकडे, स्टेशनबाहेर स्वस्तात मिळालेलं. अप्पांनी ते चिमटीत असं धरलं की जणू उंदराची शेपटी. त्या रात्री त्यांनी ते काठोकाठ भरलं आणि परत वाचून पाहिलं. खोट्या कार्डाची हीच एक परीक्षा असते. ते लबाड कॅमेऱ्याला सांगतं, 'मी एकशे अठ्ठावीस'. पोटात जागा आठचीच. कॅमेरा बापडा फोटो काढत राहतो, कार्ड "झालं, झालं" म्हणत राहतं, आणि आठनंतरचं सगळं कुठे जातं कोणास ठाऊक. सकाळी सहा वाजता अप्पांनी आमची बेल वाजवली. "साडेसात निघालं," ते म्हणाले. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन बोलतात त्या आवाजात.

मग त्यांच्यासोबत बोरा बाजाराची वारी झाली. सीएसएमटीला उतरायचं, फोर्टातल्या त्या बोळात शिरायचं. अप्पा दुकानात जातात, बॅगा पाठीला लावून बघतात, दीड-दोन किलोच्या लेन्सचं टोपण काढतात, लावतात, चहा पितात आणि ८० रुपयांचं लेन्स पुसायचं फडकं घेऊन निघतात. दुकानदाराला याचं काही वाटत नाही. त्याच्याकडे येणारी निम्मी मंडळी अप्पाच असतात.

पावसाळ्यात हे प्रस्थ घरभर पसरतं. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. त्यावर उतारा म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. सोसायटीत कोणी नवे बूट आणले की अप्पा अभिनंदनाला दारात हजर. बूट बघतसुद्धा नाहीत, खोक्यातली पुडी घेऊन जातात. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की काकूंच्या कढईत कोरड्याच परततात. काकूंनी त्यांची कढई वेगळी केली आहे.

विमानाचा प्रवास असेल तर हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा. अप्पांकडे रद्दीवाल्याचा असतो तसा आकड्याचा काटा आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री दिवाणखान्यात तो टांगला जातो. जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक सामानात टाकता येत नाहीत, हातातच न्याव्या लागतात, या नियमाच्या आधारावर काकूंचे लाडू दरवेळी चेक-इनमध्ये ढकलले जातात आणि चुरा होऊन उतरतात. तरीही वजन भरलंच, तर एक लेन्स अप्पा जाकिटाच्या खिशात घालतात. पँगाँगला, जवळजवळ १४ हजार फुटांवर, ते बॅटऱ्या बंडीत घेऊन झोपले होते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, हे खरंच आहे. पण काकूंचं म्हणणं, "माझे गुडघे रात्रभर ठणकत होते, ते नाही कोणी बंडीत घेतले."

या सगळ्याचं मूळ मला फार उशिरा कळलं, तेही काकूंकडून. लग्नानंतर दोघं कन्याकुमारीला गेली होती. मागून आणलेला कॅमेरा, छत्तीस फोटोंचा एक रोल. अप्पांनी जपून, मोजून फोटो काढले. सूर्योदयाचे दोनच, काकूंचे बाकी सगळे. छत्तीस झाले. सदतीस. रोलमध्ये एखादा जास्त निघतो, म्हणून खूश. अडतीस. चाळीस. एक्केचाळिसाव्याला अप्पांचा चेहरा उतरला. फिल्मचं टोक चकतीच्या दातात बसलंच नव्हतं. पहिल्यापासून रोल जागचा हललाच नव्हता.

"आम्ही कन्याकुमारीला गेलो होतो याला पुरावा नाही," काकू म्हणतात, आणि अप्पा तेवढ्यापुरते भिंग पुसायला लागतात.

म्हणून तीन प्रती. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आहे हा: प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. लॉजवर बाकीची मंडळी जेवत असतात तेव्हा अप्पा खोलीत प्रती काढत बसतात. घरी आल्यावर एक प्रत कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, आणि तिसरी सांगलीला मेव्हणीकडे. डोंबिवलीला आग लागली, पूर आला, तर सांगली आहे. सांगलीलाही पूर येतो हे मी एकदा सुचवलं. "दुसरा मजला आहे," अप्पा म्हणाले.

फोटो मात्र मी कधी पाहिले नाहीत. कोणीच पाहिलेले नाहीत. "अजून निवडायचेत." लडाखचे निवडायचे राहिले, कासचे राहिले, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे राहिले. ताडोबात मोहर्लीच्या वाटेवर वाघीण समोर आली, तेव्हा अप्पांनी बटणावरचं बोट काढलंच नाही. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे जिप्सीतल्या सगळ्यांची भिस्त अप्पांवर. ३१२ फोटो. महागडं कार्ड एकदाही अडखळलं नाही, ही बातमी त्यांनी मला चार वेळा सांगितली. वाघीण कशी होती ते एकदाही नाही.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना सांगलीहून फोन आला. स्पीकर चालू होता.

"दाजी, ह्या वर्षीची डबी कधी आणताय? बायका विचारायला लागल्यात."

"कुठल्या बायका?"

"भिशीच्या. अहो, टीव्हीला लावतो की आम्ही. तुमचे ते गुलाबी पाखरांचे संपले सगळे बघून. ताईचा तळ्याकाठचा फोटो तर मी मोठा करून भिंतीवर लावलाय. आणि ती वाघीण! पोरं रिमोटचं बटण दाबून धरतात, की चालायलाच लागते. रस्ता ओलांडून पार झाडीत जाते. मागचं बटण दाबलं की उलट्या पावलांनी परत."

काकू स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात ती पुड्यांची कढई.

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग फोन तोंडाजवळ नेऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"काढताना इजेक्ट करता ना?"